टोपण लावल्यावर

धाकटखार गावाने खाडीच्या बांधातल्या नव्या उघाडीला संमती दिली, हे धाकटखारच्या लोकांना ग्रामपंचायतीच्या फलकावर वाचायला मिळालं. दोनशे सात जणांपैकी एकशे अठ्ठ्याऐंशी बाजूने, एकोणीस विरुद्ध. फलकापुढे चार माणसं उभी राहिली, आपण काय ठरवलंय ते त्यांनी वाचून घेतलं आणि आपापल्या कामाला निघून गेली. कुणी चिडलं नाही. गेल्या आठ वर्षांत धाकटखारने याच रीतीने सौरपंप घेतले होते, कोळंबीचा एक कारखाना नाकारला होता आणि शाळेची वेळ बदलली होती. त्यातल्या एकाही गोष्टीसाठी कुणाला ओटीवरून उठावं लागलं नव्हतं.

या पद्धतीला प्रतिसंमती म्हणत. ती येण्यापूर्वी जनसुनावणी नावाचा प्रकार असे. मांडव घालायचे, पुढच्या खुर्च्यांवर सरपंचाचे सोयरे बसायचे, बायका मागे सतरंजीवर, आणि साहेबांना जेवायच्या आत परत जायचं असायचं. ज्याचा आवाज मोठा त्याचं म्हणणं गावाचं म्हणणं म्हणून कागदावर यायचं. त्यापेक्षा गावातल्या प्रत्येक माणसाबद्दल जे जे नोंदलेलं आहे ते सगळं एकत्र करून, त्या माणसाचं एक बोलतं गणित का तयार करू नये, असा विचार पुढे आला. या गणिताला नाव मिळालं प्रतिजन, आणि गावातले सगळे प्रतिजन मिळून झालं प्रतिगाव. प्रतिजन म्हणजे माणसाचं मन नव्हे. माणूस कोणत्या प्रश्नाला कसा वळतो, कुठे हसतो, कुठे विषय बदलतो, या वळणांचा तो हिशेब. प्रश्न प्रतिगावाला विचारायचा, उत्तर घ्यायचं, फलकावर लावायचं. पडताळणीसाठी सहाशे गावांत खऱ्या माणसांनाही विचारून पाहिलं, तेव्हा शंभरातली सत्त्याण्णव उत्तरं जुळली. उरलेल्या तिघांनी नंतर आपलं मत बदललं, असं सांगतात.

प्रतिगावात मेलेली माणसंही बारा वर्षं राहत. माणूस गेलं तरी त्याचं म्हणणं घरात चालू राहतं, असं त्यामागचं कारण होतं. "गाव म्हणजे केवळ आजची माणसं नव्हेत" हे वाक्य कायद्याच्या प्रस्तावनेत होतं, आणि ते डॉ. केतकी टिपणीस यांच्या पुस्तकातून घेतलेलं होतं. बाईंनी ते एका प्रकरणाच्या शेवटी, जरा शोभेसाठी लिहिलं होतं. कुणी त्याचा कायदा करील असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

केतकीबाई समाजशास्त्रज्ञ. नवं यंत्र गावात आलं की माणसं एकमेकांशी कशी वागू लागतात, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. सव्विसाव्या वर्षी त्या धरमतरच्या खाडीकाठी धाकटखारला पहिल्यांदा आल्या, एका भाताच्या गिरणीमुळे उखळं बंद पडली त्याचा अभ्यास करायला, आणि मग पस्तीस वर्षं येतच राहिल्या. आडनावाला जागून त्यांनी अकरा हजार पानं टिपणं केली आणि तितक्याच तासांचं ध्वनिमुद्रण. लग्न करायचं राहून गेलं, आणि त्याबद्दल विचारलं तर त्या म्हणत, "धाकटखारने सुट्टी दिली नाही." देशातलं पहिलं प्रतिगाव बनवायचं ठरलं तेव्हा धाकटखारच निवडलं गेलं, कारण इतकं नोंदलेलं दुसरं गाव नव्हतं. बाईंना सन्मान मिळाला, शाल मिळाली. त्यांना आनंदही झाला होता, हे त्या नंतरही कधी नाकारत नसत.

आषाढात एका सकाळी दर्शना मोकल पुण्याला त्यांच्या दारात उभी राहिली. हातात बर्फात बांधलेला एक जिताडा. खाडीकाठच्या आगरी घरातून हा मासा भेट म्हणून येतो तेव्हा काहीतरी मोठं मागणं असतं किंवा मोठे उपकार फेडायचे असतात. दर्शना साठीला आलेली, चांगुणाबाई मोकलची सून. चांगुणाबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"बाय, उघाडीचं वाचलंव ना?" चहा खाली ठेवत दर्शना म्हणाली.

"वाचलं."

"सासूनं हो म्हनलंय. मेलेल्या सासूनं." दर्शना हसली, पण तिच्या डोळ्यांत हसू नव्हतं. "तुमाला ठावं हाय, ती हो म्हनली नसती."

केतकीबाईंना ठाऊक होतं. आणि ते ठाऊक असणारं गावाबाहेरचं माणूस त्या एकट्याच होत्या.

इथे उघाडी म्हणजे काय ते सांगायला हवं. खाडीकाठची शेतं समुद्राच्या भरतीपेक्षा सखल असतात. खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा बांध घालतात, आणि बांधात एक दार ठेवतात. त्याला लाकडी झडप असते. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की झडप आपोआप मिटते, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. तीच उघाडी. नवी उघाडी पोलादी, बुद्धिमान, भरतीचं वेळापत्रक पाठ असलेली. ती बाहेरच्या पाण्याला कधीही, कुणाच्याही हाताने, आत येऊ देणार नव्हती.

आणि धाकटखारच्या काही बायका भाद्रपदातल्या अमावास्येला नेमकं तेच करत आल्या होत्या. अमावास्येचं उधाण खाडीला भर दुपारी बाराच्या सुमारास येतं. पुरुष तेव्हा कारखान्यांत नाहीतर बाजारात. चांगुणाबाई आणि आणखी दोघी-तिघी बांधावर जाऊन वासा घालून झडप उचलून धरायच्या, अर्धा तास, फार तर पाऊण. खाऱ्या पाण्याबरोबर जिताड्याची बोटाएवढी पिल्लं आत यायची. ती टोपलीने धरून गावामागच्या तळ्यांत सोडायची. ही तळी अशा बायकांकडे होती ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं: नवऱ्याने टाकलेल्या, विधवा, लग्न न झालेल्या. वर्षभराने पिल्लं हातभर होत आणि त्यांवर त्यांची घरं चालत. त्या सात होत्या, आता नऊ झाल्या होत्या.

याची किंमत एक खाचर देई. उघाडीला लागून असलेल्या खाचराचा कोपरा दरवर्षी मिठाने जळे आणि तिथलं भात पोचट निघे. ते खाचर चांगुणाबाईंच्याच नवऱ्याचं होतं. म्हातारी स्वतःच्या घरचं भात जाळून दुसऱ्यांच्या तळ्यांत मासे सोडत होती, आणि नवऱ्यापुढे, दिरापुढे, साऱ्या गावापुढे खेकड्यांच्या नावाने बोटं मोडत होती. खेकडे बांध पोखरतात, खारं पाणी झिरपतं, असं ती इतक्या तळमळीने सांगे की तिचा नवरा धर्मा मोकल जन्मभर खेकड्यांची बिळं बुजवत राहिला.

केतकीबाईंना हे तिसऱ्या वर्षी कळलं. बिळं एका बाजूला आणि जळलेलं भात दुसऱ्या बाजूला, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी सरळ विचारलं. चांगुणाबाईंनी त्यांच्या हातातल्या शाईच्या पेनाकडे पाहिलं. "बाय, हे लिवू नको. टोपन लाव त्याला." बाईंनी टोपण लावलं, मुद्रण बंद करायला हात नेला, आणि मग ऐकलं. तेव्हापासून ती दोघींची रीत झाली. पेनाचं टोपण लागलं की बोलणं वहीबाहेरचं. पुढे गावातल्या सगळ्याच बायकांनी ती उचलली. बाईंनी पस्तीस वर्षांत टोपणाचा शब्द एकदाही मोडला नव्हता.

"तुमचा शब्द तिथं चालतो," दर्शना म्हणाली. "आमाला इचारा म्हनावं. खऱ्यांना. एकडाव."

"आणि कारण काय सांगू?"

"ते सांगायचं नाय." दर्शनाने पदर सावरला. "आमचे बापय आजपत्तुर खेकडेच बुजवतान. बुजवू द्या."

केतकीबाईंनी होकार दिला. जिताडा त्यांनी फ्रीजमध्ये ठेवला, पण तो रांधायचं त्यांना काही सुचेना.

प्रतिसंमतीची संस्था शहराबाहेर टेकडीवर होती. तिचा प्रमुख ईशान करंबेळकर मूळचा गणिती. विद्यार्थी असताना तो एक सत्र बाईंच्या वर्गात बसला होता आणि त्यांना आजही मॅडम म्हणे. सरळ मनाचा माणूस होता. जनसुनावणीत त्याच्या आजीला कुणी बोलू दिलं नव्हतं, म्हणून तो या कामात आला होता.

"फेरविचार करता येतो, मॅडम," तो म्हणाला. "मूळ नोंद करणाऱ्याने सांगायचं की अमुक एक गोष्ट प्रतिगावात नाही. ती गोष्ट आपण आत घालतो, परत विचारतो. साधं आहे."

"एक गोष्ट नाहीये त्यात."

"कोणती?"

"ती मला सांगता येणार नाही."

ईशानने कपाळ चोळलं. "मॅडम, न सांगितलेल्या गोष्टीला मी वजन कसं देऊ? शून्यच द्यावं लागेल."

"मग माणसांना विचार. गावात जा, घराघरात जा."

"आणि ती माणसं कारण सांगतील?"

खरी माणसं खेकड्यांचंच सांगणार होती. समोरासमोर विचारलं तरी बायका नवऱ्यांदेखत खेकड्यांनाच दोष देणार, आणि नव्या उघाडीला हो म्हणणार. गणित चुकलं नव्हतं. गाव जे मोठ्याने बोलत होतं ते त्याने तंतोतंत ऐकलं होतं.

"मला चांगुणाबाईंशी बोलायचंय," त्या म्हणाल्या.

आठ वर्षांत हे त्यांनी कधी मागितलं नव्हतं. आपल्याला ते सोसणार नाही असं त्यांना वाटे. ईशानने त्यांना एका लहान खोलीत बसवलं, काचेपलीकडे स्वतः बसला. खोलीत टेबल, खुर्ची, भिंतीत एक जाळी. बाईंनी सवयीने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"चांगुणाबाई?"

"आली गो बाय? किती रोडावलीस. जेवलीस का?"

आवाज तोच होता, किंचित घोगरा, शेवटच्या शब्दावर वर जाणारा. नऊ वर्षं केतकीबाईंना कुणी 'जेवलीस का' असं एकेरीत विचारलं नव्हतं.

"जेवले. चांगुणाबाई, नवी उघाडी बसवायची म्हणतात."

"बसवूद्या की. खेकड्यांनी जीव खाल्लाय. कोपऱ्यात दाना लागत नाय. मालकांची कंबर मोडली बिलं बुजवून."

तेच शब्द. पस्तीस वर्षांपूर्वीच्या वहीत हेच होते. सोंग इतकं नेटकं वठवलं होतं की सोंग करणारी गेली आणि सोंग मतदान करत राहिलं. बाईंना हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. यापुढे विचारण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी वहीवर पेन ठेवलं आणि, हाताला पस्तीस वर्षांचं वळण होतं म्हणून, टोपण लावलं. टक असा बारीक आवाज झाला.

जाळीतला आवाज खाली आला.

"टोपन लावलंस ना? मंग आयक. हे लिवू नको."

केतकीबाईंचा हात टोपणावरच राहिला.

"खेकडेबिकडे काय नाय. उघाडी मीच उचलत व्हते. तो कोपरा कमलाकर भावजींच्या वाट्याला जायचा व्हता. वाटनी व्हनार व्हती ना? म्हनलं, मीठ सोडावं. जमीन जललेली दिसली का तो घेनार नाय. आनि तसंच झालं बग. भावजी भांडून उरनला गेला तो परत आयला नाय. मना काय वाटलं नाय त्याचं."

आवाज थांबला. मग पहिल्यासारखा वर चढून म्हणाला, "च्या घेशील?"

काचेपलीकडचा ईशान आत आला तेव्हा बाई उभ्या होत्या.

"हे कुठून आलं?" त्यांनी विचारलं. "मी हे कधीच नोंदलेलं नाही. हे ती कधी बोललीच नाही."

"तुम्ही टोपण लावलंत," ईशान म्हणाला. तोही गोंधळला होता. त्याने पटलावर काहीबाही उलगडून पाहिलं आणि मग तो सावकाश समजावू लागला.

ध्वनिमुद्रणांत शेकडो ठिकाणी तो बारीक 'टक' होता, आणि त्याच्यामागे मुद्रण बंद होण्याआधीचे एक-दोन सेकंद. टोपण लागलं की आवाज खाली येतो आणि नोंदलेल्यापेक्षा वेगळं काहीतरी सांगितलं जातं, एवढं गणिताने त्यावरून शिकून घेतलं होतं. काय सांगितलं जातं ते मात्र त्याला माहीत नव्हतं. ती जागा रिकामी होती. आणि गणिताला रिकामी जागा चालत नाही, ती जे सर्वांत संभवनीय असेल त्याने भरली जाते. उपग्रहाच्या चित्रांवरून बांधात गळती नाही हे कळत होतं. मातीत मीठ येत होतं ते वर्षातून एकाच दिवसानंतर. एरवी शेतावर जाणारा मोकलांच्या घरातला फोन त्या दुपारी मात्र घरीच राहत होता. म्हणजे कुणीतरी हाताने उघाडी उचलत होतं.

"मग कारण उरतं," ईशान म्हणाला. "आपल्याच शेताजवळ माणूस मुद्दाम नुकसान करतो, अशा आमच्याकडे चार हजारांवर नोंदी आहेत, साऱ्या गावांतल्या. दहातल्या नऊ वेळा कारण भाऊबंदकी. आणि मोकलांच्या घरात वाटणीचं भांडण होतंच. तुमच्याच वह्यांत आहे, सतरा ठिकाणी."

"ते भांडण विहिरीवरून होतं. कोपऱ्यावरून नव्हे."

"म्हणजे हे खरं नाही?"

"धादांत खोटं आहे."

"प्रतिजन खोटं बोलत नाही, मॅडम. तो संभवनीय बोलतो. खरं काय आहे?"

बाईंनी वेगळंच विचारलं. "एखादी बाई दुसऱ्यांसाठी, कुणाला न सांगता, स्वतःचं नुकसान करत राहील. हे तुझ्या गणितात किती संभवनीय आहे?"

ईशानने पाहिलं. "फार कमी. अशा नोंदीच जवळजवळ नाहीत. लोक भांडणं सांगतात, मॅडम. चांगुलपणा सहसा कुणी नोंदवत नाही."

त्या वाक्याने केतकीबाईंचं पस्तीस वर्षांचं काम त्यांच्यापुढे उभं राहिलं. भांडणं त्यांनी पानं भरभरून लिहिली होती, कारण भांडणं लोक मोठ्याने सांगत आणि ती छापायला कुणाची हरकत नसे. आणि जेव्हा जेव्हा कुणी कुणासाठी गुपचूप काही केलं, एखादीने सवतीच्या मुलीला लपवलं, एखाद्याने भावाचा गुन्हा अंगावर घेतला, तेव्हा तेव्हा समोरच्याने म्हटलं होतं, बाय, हे लिवू नको. आणि त्यांनी टोपण लावलं होतं. अकरा हजार पानांत गावाचा कद्रूपणा होता. मोठेपणा पानांबाहेर राहिला होता, त्यांच्या एकटीच्या डोक्यात.

"हे पुसून टाक," त्या म्हणाल्या.

"नाही पुसता येत. प्रतिजनाने नवं विधान केलं की ते संध्याकाळी आपोआप गावाला कळवलं जातं, त्याच्याच आवाजात. लोकांपासून काही लपवायचं नाही म्हणून तो नियम केला. तुम्हीच समितीवर होता."

होत्या खऱ्या. त्यांनी घड्याळ पाहिलं. सव्वातीन वाजले होते. दर्शनाला फोन लावला, तो उचलला गेला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. चांगुणाबाईने जन्मभर ज्या मुलाबाळांत मान राखला, त्यांच्या घरात तिन्हीसांजेला तिचाच आवाज हे बोलणार होता. केतकीबाईंना ते सहन होईना. शब्द मोडला तर बायकांचं गुपित जाईल, हे त्यांना दिसत होतं. शब्द पाळला तर एका मेलेल्या बाईचं नाव जाईल, आणि उघाडी तरी कुठे थांबणार होती? दुसऱ्या कुणाचं नाव न घेता नुसतं चांगुणाबाईचं सांगता येईल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. चार वाजता त्यांनी ईशानला सगळं सांगितलं, नियमाप्रमाणे, ध्वनिमुद्रकासमोर. पेनाचं टोपण त्यांनी आधी काढून ठेवलं.

ईशान ऐकत होता तेव्हा त्याचे डोळे भरून आले. मग त्याने ते निवेदन प्रतिगावात घातलं आणि उत्तराची वाट पाहिली. उत्तर यायला पाच मिनिटं लागली.

"काय म्हणतंय?"

"मॅडम, तुमच्या निवेदनाला शंभरात चार वजन मिळालं. चांगुणाबाईंच्या स्वतःच्या विधानाला एक्क्याण्णव."

"मी प्रत्यक्ष ऐकलंय. बांधावर उभी राहून पाहिलंय."

"त्याला पुरावा नाही. आणि..." तो अडखळला. "नोंद करणाऱ्याची आत्मीयता म्हणून एक घटक आहे. इतक्या वर्षांची मैत्री, वय, आवाजातला कंप. आपल्या माणसाबद्दल माणूस चांगलंच बोलतो, असं धरलं जातं."

"तुला काय वाटतं?"

"मी विश्वास ठेवतो तुमच्यावर. पण मला त्यात कुणी मोजत नाही."

संध्याकाळी सहाला दोन्ही निवेदनं धाकटखारला पोचली, आपापल्या वजनासकट.

केतकीबाईंना गावी जायचा धीर व्हायला कार्तिक उजाडला. भाद्रपदाच्या आधीच पोलादी उघाडी बसली होती. कापणी उरकत आली होती. बांधावर त्यांना चांगुणाबाईंचा मुलगा, दर्शनाचा नवरा परेश, भेटला. त्याने वाकून नमस्कार केला आणि त्यांना खाचराच्या कोपऱ्यापर्यंत नेलं.

"बगा," तो म्हणाला. "जन्मात पयल्यांदा हिथं लोंबी धरली."

कोपरा खरोखर भरला होता. कणसं वाकली होती. दोन्ही गोष्टींचा, खऱ्या आणि खोट्या, हाच एक पुरावा होता आणि तो दोन्हींना सारखाच लागू पडत होता.

"परेश, मी कळवलं होतं ते ऐकलंस ना तू? आई ते मासे..."

"आयकलं, बाय." त्याने दोन कणसं हातात घेऊन चोळली. "हा कोपरा मी उरनला कमलाकरकाकांच्या पोरांना देऊन टाकला. बावीस वरीस बोलचाल नव्हती. परवा जेवून गेली ती. आमचे बा मरेपत्तुर म्हनत व्हते, भाव का रं तुटला? आता कललं."

"पण ते खरं नाही. तुझ्या आईने स्वतःचं भात..."

"तुमी सांगता ते लय चांगलं हाय." परेशने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. समजावावं तसा तो म्हणाला, "आई सोताच्या तोंडानं बोलली ना, बाय. तुमी तिच्या मैतरीन. तुमी तसंच बोलनार."

त्याच्या मनात राग नव्हता, हेच बाईंना सगळ्यात जड गेलं. आईला त्याने माफ करून टाकलं होतं, तिने न केलेल्या गोष्टीबद्दल.

मोकलांच्या घरी दर्शना ओटीवर सुकट निवडत बसली होती. तिने पाट दिला, पाणी दिलं, चहाही ठेवला. गावामागची तळी येताना बाईंनी पाहिली होती. दोन बुजवली होती, बाकीच्यांत हिरवं शेवाळ धरलं होतं. दोघी बायका गाव सोडून गेल्या असं गाडीवाल्याने सांगितलं होतं.

"दर्शना, मी तुला दिलेला शब्द मोडला," केतकीबाई म्हणाल्या. "मला राहवलं नाही. ती गेल्यावर तिच्याबद्दल तसं..."

"च्यात साखर कमी घालते. तुमाला चालत नाय ना."

"बाकीच्या कशा आहेत? दोघी कुठे गेल्या? इथे राहिल्या त्यांचं कसं चाललंय?"

"बरं हाय."

"उघाडीचा त्रास?"

"नाय. बरी हाय उघाडी. खेकड्यांचा तरास गेला." दर्शना स्पष्ट, मोठ्या आवाजात म्हणाली, जशी तिची सासू म्हणे. "सगलं बरं हाय, बाय."

केतकीबाईंनी मांडीवरच्या वहीकडे पाहिलं. तिच्यात एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. त्यांनी वही मिटली, पेन दर्शनाला दिसेल असं वर धरलं आणि टोपण लावलं. मग त्या थांबल्या.

दर्शनाने टोपणाकडे पाहिलं. सुकटीतली एक काडी वेचून तिने बाजूला टाकली.

"सगलं बरं हाय," ती त्याच आवाजात म्हणाली.